मोकळ्या प्लॉटवरचा धूर

निवृत्त झाल्यावर मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपलीकडे एका लेआउटमध्ये घर बांधलं, तेव्हा कोरमंगल्यात राहणाऱ्या मैत्रिणीने मला विचारलं, "तू बंगळुरातच राहणार आहेस ना, की तामिळनाडूत?" तिचंही फारसं चुकत नव्हतं. आमच्या गच्चीवरून बघितलं की शहर कुठे संपतं ते दिसायचं. नारळाची बाग, मग एक दगडाची खाण, मग नुसतं माळरान.

पत्ता बंगळुरूचा होता, पण कारभार बंगळुरूच्या महापालिकेचा नव्हता. आमची स्वतःची छोटी नगरपालिका होती. तिला इथे पुरसभा म्हणतात. बाजाराच्या रस्त्यावर दुमजली इमारत, खाली घरपट्टी भरायची खिडकी, वर सभागृह आणि मुख्याधिकाऱ्यांची खोली. मला हे फार आवडलं होतं. माझी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात गेली. तिथे यंत्राचा एक भाग बदलायचा झाला तरी मंजुरी दिल्लीहून यायची. इथे मात्र निर्णय घेणाऱ्या माणसाला चालत जाऊन भेटता येईल असं मला वाटलं. भेटता आलंही. त्याने काय झालं, तेच सांगायचं आहे.

आमच्या समोरच्या घरात अण्णा आणि अक्का राहायचे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं की गाव कुठलं ते त्यांच्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं. मी राहायला आले त्या पहिल्याच दिवशी ट्रक रिकामा होत असताना अण्णा फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी मराठी काय? सामान उतरवताना ओरडलात ना, ते ऐकलं. स्वल्प कॉफी घेऊन जावा की." त्यांचं मराठी माझ्या कानाला जुन्या पितळी भांड्यासारखं वाटायचं; आकार ओळखीचा, पण आता असं कोणी घडवत नाही. मी त्यांना अण्णा म्हणायला लागले, तर ते म्हणाले, "आमच्या घरात मोठ्या बाईमाणसाला अक्का म्हणतात, तुमच्यात ताई म्हणतात ना? मग तुमी ताई." मी त्यांच्यापेक्षा चांगली बारा-चौदा वर्षांनी लहान, पण ताई झाले ती झालेच.

अण्णा सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्या कामात त्यांच्या डोळ्यांची वाट लागली होती. मोठी अक्षरं दिसायची, बाकी सगळं धूसर. अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या त्या बायकांपैकी एक. त्यांचा आवाज असा होता की त्या भाजीवाल्याला दर विचारायच्या तरी गल्लीतली माणसं ऐकत राहायची. रोज सकाळी व्हरांड्यात बसून त्या अण्णांना कन्नड पेपर वाचून दाखवायच्या. अग्रलेखापासून लग्नाच्या जाहिरातींपर्यंत सगळं. मी माझ्या अंगणात झाडांना पाणी घालत ऐकायचे. माझं कन्नड त्यातूनच सुधारलं. कारखान्यात इतकी वर्षं काढूनही माझं काम हिंदी-इंग्रजीवर भागलं होतं. अक्का वाचायला लागल्या की मात्र मला ती भाषा आपली वाटायची.

त्यांच्या घराला लागून एक मोठा मोकळा प्लॉट होता. लेआउटच्या नकाशात तो बागेसाठी राखीव होता आणि तसा एक गंजलेला फलकही तिथे होता. बाग काही झाली नाही. मुलं क्रिकेट खेळायची आणि कोणाकडे लग्न असलं तर मांडव पडायचा.

एका सकाळी पुरसभेची कचऱ्याची छोटी गाडी तिथे येऊन रिकामी झाली. आम्हाला वाटलं, गाडी बिघडली असेल. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आल्या. आठवडाभरात प्लॉटचा एक कोपरा भरला. चालक भला माणूस होता. त्याने अण्णांना सांगितलं की खाणीतली जुनी जागा बंद झाली, नवी मिळेपर्यंत इथेच टाका असं वरून आलंय. इथे कचरा गोळा करायचा, मग मोठा ट्रक येऊन उचलून नेणार. कन्नडमध्ये कचऱ्याला 'कस' म्हणतात. अक्का मला म्हणाल्या, "बघा ताई, आमच्या दाराशी आता रोज कस येणार. तुमच्या भाषेत विचारायचं तर, कसं होणार?" आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसल्या. तेव्हा आम्हाला हसू येत होतं.

मोठा ट्रक कधीतरी यायचा, बहुतेक वेळा नाहीच. ढीग वाढला की कोणीतरी तो पेटवून द्यायचं. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कचरा उचलायचं काम घेतलेला कंत्राटदार म्हणायचा भंगार वेचणारे पेटवतात, तारांतलं तांबं काढायला. वेचणारे म्हणायचे कंत्राटदाराचीच माणसं. प्लास्टिक, रबर, ओला कचरा सगळं एकत्र जळायचं. ज्वाळा नसायच्या, नुसता धूर, जमिनीलगत सरपटणारा, पिवळट. तो आधी अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरायचा, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे.

अक्कांना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. पेपर वाचताना त्या मध्येच थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मग एके दिवशी फक्त ठळक बातम्या वाचल्या. मग अण्णाच म्हणायला लागले, "राहू दे आज, पेपरात काय नाही."

आम्ही पुरसभेत जायला लागलो. अण्णा आणि मी. अर्ज अण्णा तोंडी सांगायचे आणि अक्का लिहायच्या. छापखान्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाचं कन्नड होतं ते. एकही शब्द जास्तीचा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा कारकुनाने अर्ज वाचला आणि खरंच कौतुकाने म्हणाला, "सर, असं कन्नड आता कोण लिहितं!" शिक्का मारला आणि म्हणाला, "नाळे बन्नी." उद्या या.

आम्ही उद्या गेलो. मुख्याधिकारी मीटिंगला गेले होते. पुन्हा गेलो, तर त्यांची बदली झाली होती आणि नवे अजून आले नव्हते. नवे आले तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवून कॉफी पाजली. तरुण होते, स्वतः इंजिनिअर. "मॅडम, तुम्हाला खरं सांगतो," ते मला हिंदीत म्हणाले, "माझ्याकडे कचरा रोज येतो आणि टाकायला जागा नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?" मी कारखान्यात तीस माणसांची प्रमुख होते. तरी मी नुसती कॉफी संपवली. खोलीबाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "चांगला पोरगा आहे." मी म्हटलं, "अण्णा, सगळेच चांगले आहेत, पण धूर थांबत नाही ना."

राग काढायला कोणी वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं. आमच्या वॉर्डाचा सदस्यही बरा निघाला. त्याचं बाजारात नळाच्या सामानाचं दुकान होतं. पाणी आलं नाही की तो स्वतः पान्हा घेऊन यायचा. अण्णांना वाकून नमस्कार करायचा, अक्कांच्या हातची सांडग्याची मिरची मागून न्यायचा. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वॉर्डाची सभा लावतो. सगळ्यांसमोर ठराव करू. ठराव असला की मला वर भांडता येतं."

सभा सरकारी शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरली. आमच्या लेआउटमधली बरीच माणसं आली, कारण धूर आता तीन गल्ल्यांत जात होता. मागच्या बाजूला चार-पाच बायका उभ्या होत्या. त्या रस्ते झाडणाऱ्या कामगार. शाळेच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथे त्यांची कुटुंबं राहतात. त्यांच्यातली एक आमची गल्ली झाडायची, पन्नाशीची, उंच. त्या सगळ्या आपल्या नळाची तक्रार घेऊन आल्या होत्या. बाकांवर जागा होती, पण त्या बसल्या नाहीत आणि त्यांना बसा असं कोणी म्हटलंही नाही.

आमचा विषय निघाला. बोलणं सगळं कन्नडमध्ये. सदस्य उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णांचा अर्ज मी वाचलाय. जाळणं बंद करणं माझ्या हातात नाही. कंत्राटदार माझं ऐकत नाही, मुख्याधिकाऱ्यांचंही ऐकत नाही. पण जागा बदलणं माझ्या हातात आहे. पुरसभेची थोडी जमीन शिल्लक आहे. तुम्ही सगळ्यांनी होय म्हणा, या आठवड्यात मी ढीग हलवतो."

"कुठे?" कोणीतरी विचारलं.

"शाळेच्या पलीकडे. कामगारांच्या लाइनमागे."

हॉलमध्ये सुटकेचा सुस्कारा उमटला. हात वर व्हायला लागले. माझाही हात वर गेला. तेवढ्यात मागून ती उंच बाई बोलली. चढ्या आवाजात नाही, विचारल्यासारखं. "आमच्या मागे? आमच्या खोल्यांना मागे भिंत नाही, नुसता पत्रा आहे. खालून उघडा आहे. धूर सरळ अंथरुणात येईल."

सदस्य अवघडला. बायकांकडे न बघता तो अण्णांकडे वळला. "अण्णा, अर्ज तुमचा आहे. तुम्ही सांगाल तसं करतो."

अण्णा हळूहळू उभे राहिले. त्यांना मागच्या बायका नीट दिसत नसणार, पण तोंड त्यांच्याच दिशेला होतं. ते म्हणाले, "मी अर्जात जाळू नका असं लिहिलंय, आणि इथून हलवा असं लिहिलंय. यांच्या घरामागे न्या, असं मी लिहिलेलं नाही."

"मग दुसरी जागा नाही, अण्णा."

"मग राहू दे."

"तुमच्या घरात आजारी माणूस आहे."

"आहे," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

ज्यांनी हात वर केले होते त्यांनी खाली घेतले. कोणी उघडपणे काही म्हणालं नाही, पण बाहेर पडताना दोघा-तिघांनी अण्णांकडे बघायचं टाळलं. ठराव झाला तो नळाचा.

घरी चालत येताना मी त्यांचा हात धरला होता, कारण रस्ता खणलेला होता. मला इतका राग आला होता की मी त्यांना खड्डासुद्धा रागानेच सांगत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "अण्णा, अक्कांचं काय?"

"तिला मी सांगतो."

"काय सांगणार?"

"ते अजून ठरवलेलं नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर आत गेले. खरं तर मी तिथे थांबायला नको होतं, पण अक्कांनी कॉफी टाकली होती. अण्णांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःचं समर्थनही केलं नाही. अक्का ऐकत होत्या. मध्ये त्यांना खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत अण्णा थांबले, मग पुढे सांगितलं. सांगून झाल्यावर अक्कांनी आम्हा दोघांपुढे कॉफी ठेवली. मग त्यांच्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी पण हेच सांगितलं असतं. पण मला विचारायला पाहिजे होतं की नाही?"

अण्णांनी मान खाली घातली. मी कॉफी तशीच ठेवून घरी आले.

त्यानंतर काही दिवस सदस्याने मनापासून धडपड केली. प्लॉटवर पत्र्याचं छप्पर घालायचं, भोवती भिंत बांधायची, ओला-सुका वेगळा करायचा, असं त्याने मंजूर करून आणलं. चार खांब उभेही राहिले. मग पुरसभेची मुदत संपली. निवडणूक व्हायला हवी होती, पण वॉर्डांच्या आरक्षणावरून कोणीतरी कोर्टात गेलं आणि ती लांबली. सदस्य हे सदस्य राहिले नाहीत. कारभार प्रशासकाकडे गेला, आणि प्रशासक म्हणजे शहरात बसणारा एक मोठा अधिकारी, ज्याच्याकडे आणखी बऱ्याच गावांचा कारभार होता. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. कारकुनाने त्याला पाहिलं होतं; उंच आहे, असं तो म्हणाला.

जुना सदस्य एकदा संध्याकाळी अण्णांच्या फाटकाशी आला. आत येईना. म्हणाला, "अण्णा, मी आता तुमच्यासारखाच. मीसुद्धा खिडकीशी उभा राहतो आणि मलाही उद्या या म्हणतात." त्याचे डोळे धुराने चुरचुरत होते की आणखी कशाने, कळलं नाही. अक्कांनी त्याला बाटलीत भरून सांडगी मिरची दिली. ती त्यांनी आदल्या वर्षी केलेली होती. त्या वर्षी गच्चीवर काही वाळवता आलं नव्हतं.

थंडीत धूर वर जाईनासा झाला. जिथे निघाला तिथेच बसून राहायचा. अक्कांच्या घराच्या खिडक्या दिवसाही बंद असायच्या. फटींत ओली फडकी. मी माझ्या घरी राहायला या असं किती वेळा म्हटलं, पण माझं घर म्हणजे रस्त्यापलीकडचं. तिथे धूर थोडा कमी, एवढंच. त्यांची मुलगी शहरात, जे. पी. नगरात राहते. ती दर रविवारी यायची आणि भांडून जायची. "तुम्ही दोघं इथे काय राखत बसलात?" अण्णा म्हणायचे, "आमचं घर आहे." पुढे त्यांच्याकडे मुद्दा नसायचा.

एका दुपारी अण्णा रस्ता ओलांडून माझ्या दारात आले. एकटे. त्यांना नीट दिसत नसताना ते कसे आले, कोण जाणे. "ताई, ती बोलत नाहीये," एवढंच म्हणाले. मी धावले. अक्का पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि श्वास घ्यायचा प्रयत्न करत होत्या. ओठ निळसर. शेजारच्या प्लॉटवर ढीग शांतपणे धुमसत होता. मी गाडी काढली. होसूर रोडवर कारखान्यांची पाळी सुटली होती, बस आणि दुचाक्यांची गर्दी. अक्का मागच्या सीटवर अण्णांच्या खांद्याला टेकून होत्या आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मला इंजिनापेक्षा मोठा ऐकू येत होता. मी हॉर्न वाजवत राहिले. पुढची बस हलली नाही, हलायला तिला जागाच नव्हती. अण्णा त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगत होते, हळू आवाजात, एकसारखं. नंतर कळलं, ते त्यांना पेपर वाचून दाखवत होते. म्हणजे मनाने रचलेल्या बातम्या सांगत होते.

अक्का वाचल्या. दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी सोडताना मुलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की त्या घरात यांना परत नेऊ नका. मुलगी सरळ जे. पी. नगरला घेऊन गेली. अण्णा एकदा कपडे न्यायला आले. व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांपैकी एक त्यांनी मला दिली, "तुमी अंगणात ठेवा, तुळशीपाशी बसायला होईल" म्हणून. घर बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन तरुणांना भाड्याने दिलं. ते सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. धुराबद्दल त्यांची तक्रार नव्हती, म्हणाले, "आंटी, कारखान्यात याच्यापेक्षा जास्त असतो."

मी अर्ज करत राहिले. अक्कांच्या नावाने, त्यांच्या दवाखान्याच्या कागदांसकट. माझ्या तोडक्या कन्नडमध्ये. कारकून ओळखीचं हसायचा, अक्कांची तब्येत विचारायचा आणि शिक्का मारायचा.

मग एका सकाळी प्लॉटवर जेसीबी आला. दिवसभर ढीग उचलला, जमीन सपाट केली. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते. वाटलं, कोणीतरी वाचलं शेवटी. जेसीबीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, इथे पाण्याची उंच टाकी होणार आहे, वरून आदेश आलाय. आमच्या अर्जांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी विचारलं, "आणि कचरा कुठे नेताय?" त्याने हाताने दाखवलं. शाळेच्या पलीकडे.

त्या रविवारी मी जे. पी. नगरला गेले. सांगावं की नाही, बसमध्ये पूर्ण वेळ ठरवत होते. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत मुलीने कुंड्या ठेवलेल्या. अक्कांची तब्येत बरी दिसत होती, गालावर थोडं मांस आलं होतं. आवाज मात्र पूर्वीचा नव्हता. खालच्या पट्टीतला, खरखरीत. अण्णा बारीक झाले होते. नव्या घरात त्यांना कुठे काय आहे ते पाठ झालं नव्हतं, म्हणून ते बहुतेक वेळ एकाच खुर्चीवर असायचे.

"ढीग उचलला," मी म्हटलं.

अक्कांनी टाळी वाजवली. "खरं? कोणी उचलला? त्या तरुण साहेबांनी?"

"पाण्याची टाकी होणार आहे तिथे."

अण्णांनी विचारलं, "नेला कुठे?"

मी उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, तेवढ्यात त्यांना कळलं असावं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं.

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे ठीक आहे. एवढा एकच शब्द. मग त्यांनी कॉफीचा पेला चाचपून घेतला आणि तोंडाला न लावता तसाच धरून बसले.

थोड्या वेळाने अक्कांनी विचारलं, "मग आता आपण घरी जायचं?"

"तिथे भाडेकरू आहेत," अण्णा म्हणाले.

"भाडेकरूंना सांगता येतं."

"सांगता येतं," अण्णा म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला. मुलगी आतून म्हणाली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी कुठे जायचं नाही. मला वाटतं, तिघांनाही माहीत होतं की आता जाणं होणार नाही. अण्णांना त्या व्हरांड्यात स्वच्छ हवेत बसून पेपर ऐकणं जमलं नसतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती उंच बाई झाडू फाटकाला टेकवून माझ्या दाराशी आली. डोळे लाल होते. "अम्मा," ती म्हणाली, "ते समोरचे अण्णा अर्ज लिहायचे ना, त्यांना सांगा आमचाही लिहून द्यायला. माझ्या सासूला श्वास लागतो."

मी तिला आत बोलावलं. ती पायरीवर बसली. मी अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून घ्या." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मला जोडाक्षरं जमेनात, तेव्हा मागून अक्कांनी फोन हातात घेतला आणि एकेक अक्षर सोडवून सांगितलं, जुन्या ऑपरेटरच्या शिस्तीने, प्रत्येक अक्षरामागे थांबून, "लिहिलंत? पुढे?" अर्ज चार ओळींचा झाला. त्या बाईने खाली सही केली, तिच्या लाइनमधल्या आणखी बायकांच्या सह्या आणि अंगठे आणले.

आम्ही दोघी मिळून पुरसभेत गेलो. कारकुनाने अर्ज वाचला. तो अण्णांची भाषा ओळखतो. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. मग शिक्का मारून तो मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचा तर गेला ना?" त्या बाईसमोर. मी बाजूला सरून तिला खिडकीपुढे येऊ दिलं. तिनेच विचारलं, "साहेब कधी भेटतील?"

"नाळे बन्नी."

ती दुसऱ्या दिवशी गेली, मग आणखी एकदा. काम सोडून जावं लागतं, म्हणून नंतर मी एकटी जायला लागले. गेल्या आठवड्यात पुन्हा दोघी गेलो, तर वरच्या मजल्याचा जिनाच बंद होता. प्रशासक येणार म्हणून सगळे मुख्य रस्त्याची रंगरंगोटी बघायला गेले होते. आम्ही खाली बाकावर बसलो. शाळेच्या दिशेने धूर दिसत होता, वारा नव्हता म्हणून सरळ वर जाणारा. तिची सासू आता दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसते, असं ती सांगत होती. शाळा सुटली की शिपाई फाटक लावतो, मग तिला घरी न्यावं लागतं.

"अम्मा," तिने विचारलं, "यांच्या वर कोणी असतो का?"

"असतो."

"मग त्यांच्याकडे जाऊ या?"

"जाऊ," मी म्हटलं. वरचे म्हणजे कोण, ते शहरात कुठल्या इमारतीत बसतात, आणि तिथे आमचा कागद कोण घेतो, हे मला माहीत नव्हतं. ती मात्र उठून पदर खोचून उभी राहिली होती. आज लगेच नाही, आधी चौकशी करावी लागेल, असं मी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि कामावर गेली.